ढग होते, विमान उडालं नाही

सुनंदा गेल्याचं मी दवाखान्यातूनच दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं. ते खुलताबादच्या मळ्यात होते. त्यांनी विचारलं, "सूनबाई? आपली?" दुसरी कुणाची असती तर जणू त्यांना चाललं असतं... त्याला आता काही आठवडे झाले. शाळेतले सहकारी म्हणतात, सर, वहिनींवर लिहा. लिहायला बसतो आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडकतो.

माझ्याशी लग्न होऊन ती औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा सून विमानतळावर नोकरी करते याचंच गल्लीला अप्रूप होतं. पुढं दुष्काळाची वर्षं लागली. शहर तर चहूकडं वाढत चाललेलं, विमानतळाभोवतीच्या शेतांत इमारती उभ्या राहत होत्या, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. त्या काळात पाऊस पाडण्यासाठी एका कंपनीचं छोटं विमान इथं आलं. ढगाशी जाऊन क्षारांची नळकांडी पेटवायची, असं त्याचं काम. तेवढ्या उंचीवर हवा विरळ, म्हणून वैमानिकाला मास्कमधून ऑक्सिजन घ्यावा लागे. तो सिलिंडर, नळी, मास्क उड्डाणाआधी तपासायचं काम सुनंदाकडं होतं. सिलिंडरला मीटर जोडून ती थोडा ऑक्सिजन सोडायची आणि शुद्धतेचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची. कामाच्या दिवशी केसांना तेल नाही की हाताला मलम नाही, कारण शुद्ध ऑक्सिजनजवळ तेलाचं बोटसुद्धा पेट घेऊ शकतं. मी एकदा विचारलं, "ऑक्सिजन कमी पडला तर वैमानिकाला कळत नाही का?"

"तेच तर कळत नाही हो," ती म्हणाली. "तो घाबरत नाही. उलट खुशीत येतो, ठामपणे बोलतो, आणि चुकत जातो."

त्या श्रावणात एका दुपारी खुलताबादच्या डोंगरांवर खरोखरचे काळे ढग आले. दादांनी मळ्यातून फोन केला, "आता सोडा म्हणावं इमान!" विमान तयार होतं. पण नुकत्याच भरून आणलेल्या सिलिंडरचा आकडा हवा होता त्याहून किंचित खाली आला. तिनं नळी बदलून पाहिलं, मीटरची खात्री करायला तो बाहेरच्या हवेवर लावून पाहिला, पुन्हा सिलिंडरला जोडला. सिलिंडरचा आकडा तोच. वैमानिक म्हणाला, "मॅडम, जरासा ही तो कम है." ती म्हणाली, "ऑक्सिजन कमी आहे म्हणजे बाकीचं काय भरलंय, ते हे मीटर सांगत नाही." तिनं सही केली नाही. दुसरा सिलिंडर यायला संध्याकाळ झाली आणि तोवर आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं. पुरवठादारानं तो सिलिंडर परत नेऊन रिकामाही केला. त्यात नेमकं काय होतं, ते कुणालाच कळलं नाही.

दादांनी त्या वर्षी मोसंबीची अर्धी बाग तोडली. ते सुनेवर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. गुलमंडीत खरेदीला आले की आमच्याकडं चहा घेत आणि कप खाली ठेवता ठेवता विचारत, "सूनबाई, त्ये यंत्र बराबर व्हतं ना?" ती म्हणे, "होतं, दादा." मग ते मान हलवून म्हणत, "ढग लई व्हते पण." बागेच्या जागी पुढं दुसरं पीक आलं, तरी हा प्रश्न संपला नाही.

मग तिचीच फुप्फुसं आक्रसत गेली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. डोकं शाबूत आहे का ते बघायला, तिनंच ठरवल्याप्रमाणे, मी रोज सकाळी तिला सतराचा पाढा विचारायचो. मी गणिताचा मास्तर, म्हणून पाढा. शेवटच्या दिवशी ती उठली तीच हसत. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा फार खाली गेला होता. मी दवाखान्याची गाडी बोलावली. तेवढ्यात ती अगदी सहज म्हणाली, "अहो, त्या दिवशी विमान सोडायला हवं होतं. मीटर बिघडलेला होता, मला माहीत होतं."

मी घाबरून म्हणालो, "पाढा म्हण."

तिनं म्हटला. एकशे सत्तरपर्यंत, एकही चूक न करता. आणि पुन्हा हसली. दवाखान्यात पोचल्यावर ती काही बोलली नाही...

ती खुशीत होती, ठाम होती. तिनंच सांगितलेली लक्षणं. मग ते वाक्य खोटं धरायचं? पण पाढा तर बरोबर होता. आणि मीटर बिघडलाय हे माहीत असूनही विमान थांबवणारी बाई मी इतक्या वर्षांत पाहिलेली नाही... की पाहिली, आणि मला कळली नाही?

तेराव्याला दादांनी मला बाजूला घेतलं. "शेवटाला काय बोलली का रं?"

"पाढा म्हणाली," मी सांगितलं.

"कितीचा?"

"सतराचा."

"चुकला नाय ना?"

"नाही, दादा."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. त्यांना त्यातून काय उत्तर मिळालं ते मला माहीत नाही.

सकाळी चहा ठेवला की मी अजून "सतरा एके" म्हणतो आणि थांबतो. आतल्या खोलीतून पुढचं यायचं असतं.