व्यसनमुक्तीचं भाषण आणि माझं लाल नाक

माझं तोंड पहिल्यापासून तेलकट. दुपारपर्यंत कपाळावर पापड तळून निघेल, असं बायको म्हणते. चाळिशीनंतर त्यात भर म्हणून गाल आणि नाक लाल व्हायला लागलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हा रोझेशिया नावाचा त्वचाविकार असल्याचं सांगितलं, मलम दिलं आणि ऊन, तिखट टाळा म्हणाल्या. सोलापुरात ऊन आणि तिखट टाळायचं म्हणजे गावच सोडायला हवं.

"नुसतं वरून लावून काय होतंय? आतून उपचार पाहिजे," बायको म्हणाली. मोबाईलवर बघून तिनं जस्ताच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन बी-थ्री मागवलं. आमचं घर शाकाहारी. पण औषधाला सगळं चालतं, हा निकालही तिनंच दिला. मी शाळामास्तर. कॅप्सूल घेतली की वर्गात फळ्याकडे तोंड करून ढेकर द्यायचो, आणि पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या.

अशात वळसंगच्या एका शाळेत पालकांसमोर व्यसनमुक्तीवर बोलायचं आमंत्रण आलं. सकाळी घाईत काही न खाताच बस पकडली. शाळेत पोचल्यावर रिकाम्या पोटीच बी-थ्रीची गोळी घेतली आणि भाषणाला उभा राहिलो. दारूनं लिव्हर कसं जातं हे सांगत असतानाच कानाच्या पाळ्या तापल्या. मग गाल, मग मान. तोंडावर कुणी मिरचीचा ठेचा चोळल्यासारखी आग व्हायला लागली. तेलकट चेहरा, त्यावर घाम, आणि मधोमध टोमॅटोसारखं नाक.

पुढच्या रांगेतले फेटेवाले आजोबा मला निरखून बघत होते. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, किती वर्सं घेत हुता?"

"मी दारू घेत नाही, आजोबा."

"व्हय की. आता घेत न्हाई. पर आदी?"

"आधीही नाही."

आजोबांनी मागे वळून लोकांना समजावलं, "लाजत्यात. पर सोडली बगा, लई मोठी गोष्ट हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मुख्याध्यापकांकडे मदतीसाठी पाहिलं. ते कानाशी येऊन म्हणाले, "असू द्या सर. परिणाम चांगला होतोय." एक गडी पुढं आला आणि माझा हात धरून म्हणाला, "तुमी सोडली, मग मी बी बगतो." आता त्याला काय सांगणार? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शक्य तेवढा पश्चात्तापी चेहरा केला. चेहरा तयारच होता.

दुसऱ्या दिवशी बायकोसकट सगळ्या बाटल्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बी-थ्रीची बाटली बघून त्या हसायलाच लागल्या. "हे नायसिन आहे. यानं चांगला माणूसही लाल होतो. तुम्ही तर आधीच लाल."

"व्हिडिओत त्वचेसाठी चांगलं म्हणाले होते," बायको म्हणाली.

"ते नायसिनामाइड असेल. नावं सारखी वाटतात. पण तेही मला विचारल्याशिवाय नको."

त्यांनी सगळ्या बाटल्या बंद करायला लावल्या आणि धूळ खात पडलेलं मलम रोज लावायला सांगितलं. दोनेक महिन्यांत गाल निवले. नाक अजून थोडं लाल असतं. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना बायको रिक्षात माझं नाक निरखत होती. मग म्हणाली, "पण खरं सांगा, कधी घेतली नाहीत ना?"