वर बस, माय

फैजपूरच्या नव्या सरकारी मोटारीवरचा तो कंडक्टर धुळ्याकडचा होता. जेवायला हाक मारावी तशा आवाजात तो प्रत्येक गावाचं नाव पुकारायचा.

एकदा सातपुड्याच्या पायथ्याची एक मजूर बाई चढली आणि खासगी मोटारीतल्या सवयीने खालीच बसली.

तो म्हणाला, "वर बस, माय. सरकारनी गाडी शे, बठ्ठास्नी शे, सगळ्यांची."

रिकाम्या जागेशेजारचे एक केळीचे व्यापारी गुरकावले, "माझ्याजवळ नको. नाहीतर मी उतरतो."

"उतरा, नाना," असं नम्रपणे म्हणत त्याने दोरी ओढून गाडी थांबवली. बाहेर रणरणतं ऊन होतं. नाना सरकले आणि बाई वर बसली.

आजवर मोटारीत त्या बाईला लोकांचे पायच दिसले असतील. आता ती खिडकीतून केळीच्या बागा बघत हसत होती.