प्रकाश समाधानकारक

दिवा उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतोच. कुठला होता, कुठे बसत होता, काही कळत नाही. दिवा तर चालतो! मग तो स्क्रू डब्यात टाकायचा. रेवदंड्याच्या बंदरावर आमचं दुकान आहे, बोटींच्या सर्चलाइटच्या दुरुस्तीचं. माझ्या थोरल्या भावानं, दादानं ते सुरू केलं आणि उरलेल्या स्क्रूंचे तीन डबे भरले. किस्सेही असेच उरलेत. दादा होता तेव्हा आम्ही ते सांगून हसायचो. या पावसाळ्याआधी दादा गेला. आता तेच किस्से सांगायला घेतो आणि हसायच्या जागी डोकं फिरतं. तुम्ही हसा. तुम्हाला कोण अडवतंय?

*

गस्तीच्या बोटीचा सर्चलाइट आमच्याकडेच यायचा. मासळीच्या टोपलीएवढा मोठा. वर्षातून एकदा त्याची तपासणी. त्यासाठी खात्याचे साहेब यायचे, सकाळी अकरा वाजता. डोळ्यांवर काळा गॉगल!

दादा खटका दाबायचा. साहेब जीपजवळूनच विचारायचे, “लागतोय ना?”

“साहेब, लागतो तर देवघरातला बल्बपण. ह्याचा उजेड लांब पोचतो का ते बघायचं असतं. बल्ब म्हातारा झालाय, बदलायला हवा. रात्री या, दाखवतो.”

“रात्री ऑफिस बंद असतं रे.”

“समुद्र चालू असतो, साहेब!”

साहेब मनापासून हसले. हसता हसताच कागदावर लिहिलं, ‘प्रकाश समाधानकारक’. खाली मेकॅनिकची सही लागायची. दादा सही करायचा आणि शेजारी कंसात लिहायचा, ‘दिवसा तपासला’. तीन वर्षं लिहिलं. एकाही माणसानं विचारलं नाही, की बाबा, सर्चलाइट दिवसा कशाला तपासला?

*

आमच्या शेजारी पांडू नाखवा. स्वतःची बोट, स्वतःचा आवाज, बंदराच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा. त्यानं दसऱ्याला बोटीची पूजा केली. इंजिनाला हार, सुकाणूला हार. सर्चलाइटला तर विशेष मान! काचेवर कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक, वर नारळाचं पाणी. संध्याकाळी दिवा लावला, काच तापली आणि फाट्‌दिशी तडकली.

नाखवा दिवा घेऊन दुकानात. “देवाचं केलं तरी फुटला! असा कसा तुमचा दिवा?”

दादा म्हणाला, “नाखवा, देवाच्या कपाळाला कुंकू लावतात. तुम्ही डोळ्यात भरलंत.”

त्यानंतर नाखव्यानं कधी काचेला बोट लावलं नाही. हा माणूस शाळेत गेलेला न्हाय. एकदा सांगितलं, कळलं. साहेबांना तीन वर्षं सांगत होतो, ते तर पदवीधर!

*

एकदा पालीच्या बाजूला कोणी मोठे पुढारी दर्शनाला येणार होते, हेलिकॉप्टरनं. वरून फोन फिरले. हेलिपॅडला सर्चलाइट पाहिजे! गस्तीच्या बोटीचा दिवा उतरवला, टेम्पोत घातला, सोबत मी आणि दादा. मैदानात पोचून बॅटऱ्या जोडल्या, दिवा उभा केला. हेलिकॉप्टर आलं दुपारी दोन वाजता. डोक्यावर ऊन असं, की चपलेतून चटके बसत होते.

साहेब ओरडले, “लावा, लावा!”

लावला. दोन मिनिटांत वायरलेसवाला धावत आला. “पायलट विचारतोय, खालून डोळ्यात आरसा कोण मारतंय? बंद करा ते!”

आठ दिवसांनी खात्याकडून दादाला पत्र आलं. ‘उत्कृष्ट प्रकाशव्यवस्थेबद्दल अभिनंदन.’ आणि बल्ब बदलायच्या आमच्या अर्जाला? उत्तर न्हाय! दादानं ते पत्र चौघडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. “चांगला जाड कागद हाय,” म्हणाला.

*

दादाची स्वतःची तपासणी वेगळी होती. अंधार पडला की तो मला खाडीपलीकडे कोर्लईच्या काठावर पाठवायचा, हातात वर्तमानपत्र देऊन. तो इकडून उजेड टाकणार, मी तिकडून पेपर वाचून फोनवर सांगणार. अक्षर वाचता आलं तर दिवा पास.

आता मी सहावीत शाळा सोडलेला. अक्षरं जुळवेपर्यंत घाम फुटायचा. पहिल्याच वेळी मी घडी न उघडताच ठोकून दिलं, “दिसतंय दादा, एकदम स्पष्ट!”

“काय लिहिलंय?”

पेपरात काय असतंच असतं? मी म्हटलं, “मंत्र्यांचं भाषण.”

फोनवर दादा इतका हसला, की मला तो पलीकडून फोनशिवायसुद्धा ऐकू आला असता. “अरे बाला, मी तुला पेपर न्हाय, कॅलेंडरचं पान दिलंय! त्यात कुठला मंत्री? वाच. एकेक अक्षर वाच. मी दिवा बंद करत न्हाय.”

त्या दिवशी मी ‘संकष्टी’ वाचायला दहा मिनिटं घेतली. आज मी हे लिहितोय ते त्या उजेडात शिकून. वर दादाचा नियम, “मोठा मथळा कोणीपण वाचतो. शेवटची बारीक ओळ वाचायची.”

*

मे महिन्यात पांडू नाखव्याच्या बोटीला नवा दिवा बसवला. तो बघायला दादा बोटीवर गेला. मी दुकानात थांबलो. परत येताना, खाडीच्या तोंडाशी, दिवेलागणीला लाटेनं बोट उलटली. नाखवा आणि दोन खलाशी पोहत आले. दादा आला नाही.

गस्तीची बोट लगेच निघाली, ते खोटं सांगणार नाही. दिवाही लागला. पण त्या म्हाताऱ्या बल्बचा उजेड तीस हातांपुढे पाण्यात विरघळत होता. मी त्या बोटीवर होतो. दिव्यामागे उभा राहून हाका मारत होतो. तासाभरात बोट मागे वळवली. मी सुकाणूवाल्याच्या अंगावर धावून गेलो, मला दोघांनी धरून ठेवलं.

सकाळी नाखव्याच्या बोटीवरचा निळा प्लास्टिकचा ड्रम सापडला. त्याला वायर गुंडाळलेली, वायरला दुहेरी गाठ. अशी गाठ आमच्या दुकानात दादाच मारायचा. म्हणजे रात्री पोटाशी ड्रम बांधून तो तिथेच कुठेतरी तरंगत होता. दुपारी दादाही मिळाला.

*

मी खात्याच्या ऑफिसात गेलो. गेलो म्हणजे काय, टेबलावर चढायचाच बाकी होतो. साहेबांनी शांतपणे फाइल काढली.

“दिवा व्यवस्थित होता. हे बघ सर्टिफिकेट. तुझ्या भावाचीच सही आहे.”

सही दादाचीच होती. शेजारी, कंस असतो तिथे, साहेबांचा अंगठा होता.

मी म्हटलं, “साहेब, अंगठा उचला.”

“आता शिपायाला बोलवू का?” साहेब म्हणाले.

*

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या. गस्तीचा दिवा तपासणीला परत आमच्याकडे! या वेळी नवा बल्बही मिळाला, काही न मागता. मी तो बसवला, रिफ्लेक्टर पुसला. साहेब अकरा वाजता गॉगल घालून हजर.

मी अर्धं शटर खाली ओढलं. “अंधार पडल्यावर या. न्हायतर माझी सही न्हाय.”

“अरे, उद्या माझे वरिष्ठ येतायत! आजच कागद पाहिजे.”

“मग आजच या. आज पण अंधार पडणार हाय.”

साडेसातला आले. आता मेकॅनिक मी आहे, नियम दादाचा. त्यांच्या हातात घडी घातलेला पेपर दिला आणि साळावच्या पुलावरून कोर्लईला पाठवलं. नाखवा माझ्याजवळ येऊन बसला. हा माणूस गप्प बसलेला बंदरानं पहिल्यांदाच पाहिला असेल.

फोन लागला. मी खटका दाबला. उजेड खाडी ओलांडून थेट त्या काठावर.

“बाप रे, दिवसासारखं दिसतंय!” साहेब म्हणाले. “चल, झालं. सही करतोस ना?”

“पेपर उघडा साहेब. वाचून दाखवावं लागतं.”

कागदाचा आवाज आला. “‘खाडीच्या मुखाशी बोट उलटली...’” साहेब थांबले.

“तो मथळा झाला. शेवटची बारीक ओळ वाचा.”

कागदाची फडफड फोनजवळ आली.

“‘अंधारामुळे शोधकार्य थांबवण्यात आले.’”

“आवाज तुटला साहेब. परत.”

त्यांनी परत वाचलं.

“दिवा बंद कर आता,” ते म्हणाले.

“तुम्ही सर्टिफिकेटवर लिहा काय लिहायचं ते. तिथंच, त्याच उजेडात. मी दिवा बंद करत न्हाय.”

पाऊण तासानं जीप आली. साहेब उतरले नाहीत. ड्रायव्हरनं दोन कागद आणून दिले. सर्टिफिकेट कोरंच होतं. दुसरा कागद म्हणजे तो पेपर. त्यातल्या शेवटच्या बारीक ओळीखाली निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘रात्री तपासला’. खाली साहेबांची सही.