गिधाडं, गुडघे आणि माझा नसलेला भाऊ

कायद्याने बघायला गेलं तर माझ्या घरातल्या तिन्ही बायका माझ्यावर अवलंबून होत्या. तसं तिघींच्या पासपोर्टमधल्या व्हिसाच्या पानावर अरबीत छापलेलंच होतं. बायको मंजिरी, मुलगी सई, आणि बाबा गेल्यावर ठाण्याचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आलेली आई. तिघींचा स्पॉन्सर मी. आखातातल्या, अल मनखूलच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हा कायदा कोणालाच माहीत नव्हता, हा भाग वेगळा!

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. सुरुवात झाली खोर फक्कानला. शुक्रवारी आम्ही समुद्रावर डबा घेऊन गेलो होतो. मी पुलाव वाढून घेत होतो आणि मंजिरी मान वर करून डोंगराकडे बघत होती.

"शेखर, गरुड!"

"घार असेल," मी वर न बघता म्हणालो. (मला पक्ष्यांतलं काहीच कळत नाही. पण लग्नाला चौदा वर्षं झाली की माणूस बायकोच्या पहिल्या वाक्यावर दुरुस्ती सुचवतोच.)

"घारीची शेपटी दुभंगलेली असते. ही बघ."

मी बघितलं. तोवर तो पक्षी डोंगराआड गेला होता आणि कोणीतरी माझ्या ताटातला पापड खाल्ला होता.

त्या दिवसापासून मंजिरी बदलली. बँकेतून आली की पक्ष्यांची पुस्तकं. मग दुर्बीण आली. साडेआठशे दिरहमची! "म्हणजे दहा हजार रुपये!" मी दुकानातच ओरडलो. "बाबा, प्लीज डोन्ट कन्व्हर्ट," सई म्हणाली आणि आमच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. मग मंजिरी रानावनात फिरणाऱ्या गोऱ्या लोकांच्या एका ग्रुपमध्ये जाऊ लागली. तिथल्या एका म्हाताऱ्या इंग्लिश बाईने तिला सांगितलं की वसंत ऋतूत आफ्रिकेतून शिकारी पक्षी समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून थव्याथव्याने स्पेनमध्ये उतरतात. आणि आत डोंगरांत कड्याकड्यांवर गिधाडांची घरटी असतात. अगदी डोळ्यांसमोर!

मंजिरी घरी आली ती थेट पुस्तकात स्पेन शोधायला बसली. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "दर वर्षी आपली सगळी रजा लग्नं, मुंजी आणि तुझ्या मावश्यांमध्ये जाते. एकदा मला हे बघायचंय. एकदाच."

ती सहसा काही मागत नाही. त्यामुळे मागितलं की माणूस घाबरतो. मी म्हणालो, "जाऊ या. प्लॅनिंग माझ्यावर सोड."

मी एका कन्स्ट्रक्शन कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होतो. तेहतीस मजल्यांची इमारत कोणत्या महिन्यात कुठवर येणार हे मी सांगत असे. (ती तिथवर येत नसे, पण मी सांगत असे.) चार माणसांना स्पेनला नेणं म्हणजे काय! मार्चअखेर सईची परीक्षा संपणार, एप्रिलमध्ये नवी इयत्ता सुरू होणार, मधल्या सुट्टीत जायचं. विमान, हॉटेल, ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, सगळं तक्त्यावर मांडलं. रंगीत पट्ट्या काढल्या. तक्त्यात फक्त माणसं घालायची राहिली.

पहिली अडचण आई. तिला एकटीला मागे ठेवून जाणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी चहा पिता पिता मी सहज विचारलं, "आई, तू गिधाड पाहिलंयस का गं कधी?"

"दिवेलागणीच्या वेळी काय भलतं बोलतोस!" आई उठली, देवापुढचा दिवा बघून आली आणि मला म्हणाली, "डोळ्यांना पाणी लाव."

म्हणजे आईला खरं सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "आई, तुझ्या गुडघ्यांसाठी हवापालट म्हणून स्पेनला जायचंय. तिथली हवा सांध्यांना फार चांगली." आईचे डोळे भरून आले. तिने लगेच फोन करून दोन्ही मावश्यांना सांगितलं की शेखर माझ्या गुडघ्यांसाठी युरोपला नेतोय.

दुसरी अडचण सई. "बर्ड्स? फॉर टेन डेज? आय विल डाय." मी हळूच सांगितलं, "पक्षी आईसाठी गं. आपण फुटबॉलची मॅच बघायला चाललोय." सई खूश. (कोणती मॅच, कुठे, ते तक्त्यात नंतर बघायचं होतं.)

तिसरी अडचण माझे साहेब, नबील. लेबनॉनचे, मनाने मोठे, पण मार्चमध्ये रजा मागितली की त्यांना छातीत दुखायचं. रजा ते दोनच कारणांसाठी देत: लग्न किंवा मृत्यू. मृत्यूसाठी कोणाला निवडायचं हे ठरेना, म्हणून मी म्हणालो, "सर, माय ब्रदर्स वेडिंग."

"मब्रूक! काँग्रॅच्युलेशन्स! व्हेअर? बॉम्बे?"

"स्पेन, सर."

नबीलसाहेब खुर्चीतून उठले. "हबीबी! ब्राइड इज स्पॅनिश?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

त्यांनी मला मिठी मारली, रजा मंजूर केली आणि दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीसाठी काचेच्या ग्लासांचा एक भलामोठा सेट आणून माझ्या टेबलावर ठेवला. तो मी घरी नेला. मंजिरीने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "काम चांगलं केलं म्हणून." ती इतकी आश्चर्यचकित झाली की पुढे काही विचारायचं विसरली.

इथे एक स्पष्ट करतो. मी खोटं बोलत होतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं. एकाच सहलीचे वेगवेगळे पैलू मी वेगवेगळ्या लोकांसमोर मांडत होतो. फक्त ते सगळे लोक एका खोलीत येणार नाहीत, एवढंच बघायचं होतं.

व्हिसाच्या मुलाखतीला स्पेनच्या वकिलातीने आम्हा चौघांना एका खोलीत बोलावलं.

सकाळी आमचे शेजारी मुकादमभाई आम्हाला गाडीतून अबुधाबीला घेऊन गेले. (ते रत्नागिरीचे. माझं ड्रायव्हिंग लायसन्स तेव्हा सहाव्यांदा हुकलं होतं.) आईने ठेवणीतली साडी नेसली होती. मंजिरीने पक्ष्यांचं पुस्तक छातीशी धरलं होतं, बारावीच्या पेपरला चालल्यासारखं. मी फाइल घेतली होती. फाइल उत्तम होती.

टेबलापलीकडे पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. शेजारी हिंदी जाणणारा एक क्लार्क. बाईंनी आमच्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "स्पेनला कशासाठी जाताय?"

मी तोंड उघडलं. "तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "आधी या सांगतील."

"पक्षी बघायला," मंजिरी म्हणाली. "शिकारी पक्षी. मुख्यतः गिधाडं."

"फक्त गिधाडं?"

"वेळ उरला तर गरुडही."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि आईकडे वळल्या. क्लार्कने हिंदीत प्रश्न विचारला. आईने पदर सावरला. "मेरे गुडघे दुखते हैं ना, म्हणून. लडका बोला, उधर की हवा में गुडघे बरे होते हैं."

"गुडघे?" क्लार्कने विचारलं. आईने दोन्ही गुडघे थोपटून दाखवले. क्लार्कने भाषांतर केलं: "मॅडम, ट्रीटमेंट."

बाईंचं पेन थांबलं. "कोणत्या हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटल?" एवढा शब्द आईला कळला. ती माझ्याकडे वळली. "शेखर! ऑपरेशन आहे? अरे, मला बोलला नाहीस तू!"

"आई, ऑपरेशन नाहीये..."

"मग ही मघाशी काय ते व्हल्चर व्हल्चर करत होती, ते कोणतं औषध?"

"गिधाड, आजी," सईने अत्यंत शांतपणे सांगितलं. "व्हल्चर मीन्स गिधाड."

आईने तिथल्या तिथे कानांना हात लावले. मंजिरी माझ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखतो. तिला शब्द लागत नाहीत.

"आणि तू?" बाईंनी सईला विचारलं.

"फुटबॉल," सई म्हणाली. "माय डॅड हॅज टिकेट्स." (हे मी म्हणालो नव्हतो! मुलं फार वाढवून सांगतात.)

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, तुमच्या ऑफिसला फोन केला तर चालेल ना?"

चालणार नाही असं म्हणायला माझ्याजवळ एकही कारण नव्हतं. कारणं सगळी वापरून संपली होती. बाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला, आणि नबीलसाहेबांचा प्रेमळ आवाज त्या खोलीत घुमला. "येस येस, मॅडम! व्हेरी गुड मॅन, व्हेरी गुड फॅमिली! गिव्ह हिम व्हिसा, यल्ला! हाऊ कॅन ही मिस हिज ब्रदर्स वेडिंग?"

क्लार्क लिहिता लिहिता माझ्याकडे बघायला लागला.

"तुम्हाला भाऊ आहे?" बाईंनी फोन ठेवून विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"वेडिंग कोणाचं?" आईने क्लार्कला विचारलं. "साहब के भाई का," क्लार्क म्हणाला. आई मटकन खुर्चीत मागे टेकली. तिच्या माहितीप्रमाणे तिला मी एकटाच होतो!

बाईंनी चारही पासपोर्ट गोळा करून आमच्याकडे सरकवले. संपलं. मी मंजिरीकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. पुस्तकाच्या कडेवरून ती नुसता अंगठा फिरवत होती. मला तिथून उठून खोर फक्कानच्या डोंगराआड जावंसं वाटलं.

बाईंचंही लक्ष त्या पुस्तकाकडे गेलं असावं. त्यांनी विचारलं, "गिधाडं सगळी सारखीच दिसतात ना?"

"मुळीच नाही!" मंजिरीने मान वर केली. आणि ती उभीच राहिली. एका जातीचं गिधाड तरंगताना पंख किंचित वर उचलून धरतं, दुसऱ्याचे सपाट असतात. ते तिने दोन्ही हात पसरून, वकिलातीच्या मधोमध, दाखवलं. मग वळताना शेपूट कशी, ते दाखवलं. दाराबाहेरच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. क्लार्क आपली फाइल उचलून बाजूला झाला, कारण डावा पंख त्याच्या डोक्यावरून जात होता. मंजिरी बोलत होती, घिरट्या घेत होती, आणि इतक्या वर्षांत मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला. "आमच्या गावाच्या मागेच असा कडा आहे," त्या म्हणाल्या. "गावात कोणी मान वर करून बघत नाही."

त्यांनी चारपैकी तीन पासपोर्ट परत स्वतःकडे ओढले. चौथ्यावर बोट ठेवलं. तो माझा होता.

"सर, या तिघींना आपण कशासाठी जातोय ते माहीत आहे. तिघींचं एकमेकींशी जुळत नाही, पण आपापलं माहीत आहे. तुम्ही कशासाठी जाताय ते मला अजून कळलेलं नाही."

खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मुकादमभाई सारखे विचारत होते, काय झालं? शेवटी त्यांना सगळी हकीकत सांगावी लागली. ते इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. "ओ शेखरभाऊ," ते डोळे पुसत म्हणाले, "लग्न ठरवलंत, मग भावाचं नावतरी ठरवायचं होतंत!"

मी जरा मोठेपणा घेऊन म्हणालो, "मंजिरी, तुम्ही तिघी जा. माझं काही नाही." असं म्हटल्यावर समोरच्याने "छे, तुझ्याशिवाय कसं जायचं?" असं म्हणायची पद्धत आहे.

"बरं," मंजिरी म्हणाली.

मी आशेने आईकडे वळलो. "पण आई काय येणार नाही. गिधाडं म्हटल्यावर..."

"मी जाणार," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ती एवढं काय बोलत होती ते मला कळलं नाही. पण तेरा-चौदा वर्षांत सुनेला एवढं बोलताना मी आज पाहिलं. काहीतरी असेल त्यात."

"व्हॉट अबाउट द मॅच?" सईने विचारलं. त्यावर आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघायला लागलो.

नबीलसाहेबांना दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं. "नो ब्रदर?" त्यांनी दुःखाने विचारलं. "नो ब्रदर, सर." "खलास," ते म्हणाले, "देन नो लीव्ह." आणि तेहतीस मजल्यांच्या इमारतीचा नवा तक्ता माझ्यासमोर ठेवला. ग्लास मात्र त्यांनी परत मागितले नाहीत. देव त्यांचं भलं करो.

मार्चअखेर तिघी गेल्या. विमानतळावर आईने मला उपमा कसा करायचा ते तीन वेळा सांगितलं. मंजिरीने जाताना माझा हात क्षणभर धरला आणि म्हणाली, "थँक्यू. प्लॅनिंग छान झालं." ती थट्टा करत होती की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

चार-पाच दिवस फोन नाही. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन बूट काढत होतो तेव्हा फोन वाजला. स्पेनमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या बूथवरून मंजिरी एका दमात बोलत होती. थवे दिसले, गरुड दिसले, आता कड्यासमोरच राहतोय, सई दुर्बीण द्यायला तयार नाही, "थांब, आई मागतायत."

"शेखर, जेवलास का रे?" आईचा आवाज.

"जेवेन आता. तू कशी आहेस? गुडघे?"

"त्यांचं सोड. अरे, तुझी फार आठवण आली आज." मी हातातला बूट खाली ठेवला. आई पुढे म्हणाली, "समोरच्या कड्यावर एक गिधाड आहे. सकाळी बाकीची सगळी भुर्रकन उडून गेली, हे आपलं एकटंच बसून. मान खांद्यात घातलेली, डोक्यावर केस नाहीत, कोणी आपल्याला का नेलं नाही याचा विचार करत असल्यासारखं. मंजिरीने दुर्बिणीतून दाखवलं आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं बघ, 'अगंबाई, हा जेवला असेल का?'"

"जेवेल, आई," मी म्हणालो, आणि फोन ठेवून परवाची उसळ हुंगून बघितली. चालण्यासारखी होती.