बर्फावरची गाभोळी

नकोशी भोयाची. इंदापूरच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी तिचं घर. घर म्हणजे काय, चार मेढी आणि वर पाचट. आईबापाला लागोपाठ तीन पोरी झाल्या, म्हणून तिसरीचं नाव नकोशी ठेवलं. देवाला कळावं, की आता पुरे. पण देवाला कुठलं ऐकायला येतंय? चौथीही पोरगीच झाली.

लग्न झालं ते कुंडलिकशी. गडी होडी चालवायचा, मासे धरायचा, कमी बोलायचा. बारा वर्षं संसार झाला. पोटी काही नाही. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, चंद्राबाई. तिचे दोन्ही डोळे गेलेले, पण जीभ शाबूत. पस्तीस सालच्या श्रावणात भीमेला पाणी आलं, कुंडलिक पलीकडच्या माणसांना आणायला म्हणून गेला आणि तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडला.

बायका जमल्या. नकोशी भिंतीला टेकून बसली ती बसली. डोळ्याला पाणी नाही.

शेजारची सरुबाई म्हणाली, "रड बाई, रड. मोकळी हो."

नकोशी म्हणाली, "बरं."

आणि तशीच बसून राहिली. सरुबाईनं पाठीत दोन धपाटेही घातले. काही उपेग नाही. शेवटी ती बाहेर येऊन चिडून म्हणाली, "रड म्हनलं तर कुनी 'बरं' म्हनतं व्हय?"

तेव्हापासून नकोशीचं सगळं 'बरं'वर आलं. जेव म्हटलं, बरं. ऊठ म्हटलं, बरं. भाकरी खायची पण ती तोंडात माती घोळवावी तशी. कालवणात मीठ पडलं काय न पडलं काय, तिला एकच. चंद्राबाई अळणी आमटी खाऊन म्हणायची, "आगं, माझं डोळं गेलं, तुझी जीभ गेली. चांगली जोडी जमली."

कुंडलिकचा चुलतभाऊ सोनबा बारामतीला पाटाच्या साहेबाच्या बंगल्यावर मासे पोचवायचा. पाट म्हणजे नीरेचा कालवा, त्यावरचा हा गोरा इंजिनेर. त्याच्या मडमेला बाळ झालं आणि आया काम सोडून गेली. सोनबानं नकोशीला नेऊन उभी केली. मडमेनं विचारलं, बाळ सांभाळशील? नकोशी म्हणाली, बरं. चंद्राबाई सोनबाच्या घरी राहिली.

नकोशी बाळाला चांगलं बघायची. लाडाचं बोलायची नाही, पण हातून कधी चुकायची नाही. दुसरं काम तिच्याकडे आपोआप आलं. साहेबाला मरळीची गाभोळी फार आवडायची. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. कांद्यावर परतून, तिखट घालून खायची. बंगल्यावरचा खानसामा ती नुसती उकडून ठेवायचा, म्हणून एकदा नकोशीनं केली. मग सोनबानं गाभोळी आणली, की खानसामा ती मुकाट्यानं आयेकडे धाडायचा. कच्ची गाभोळी आली, की ती आपणच शिजवायची, हे नकोशीच्या हाताला ठाऊक झालं. साहेब मागच्या पडवीत येऊन म्हणायचा, "नकोशी, लई बेस्ट." ती म्हणायची, बरं.

पुढच्या फाल्गुनात साहेबाची नोकरी संपली. तो कायमचा विलायतेला निघाला. बोटीत मडमेला उलट्या होतात, बाळाला कोण बघणार? आया, तू चल. नकोशी म्हणाली, बरं. साता समुद्रापलीकडं जाते म्हणणं आणि सांगवीच्या बाजाराला जाते म्हणणं तिच्या तोंडून सारखंच निघालं.

ती सासूला सांगायला आली. चंद्राबाईनं चाचपून तिचा हात धरला.

"जा. चार पैसं मिळतील. पर माघारी ये. माझ्या तोंडात शेवटचं पानी घालाया तुझ्याबिगर कोन हाय मला?"

"बरं."

"बरं न्हाय. येते म्हन."

"येते."

म्हटलं खरं. शब्द दिला म्हणजे पाळायचा, एवढं तिला कळत होतं. आत मात्र काही हललं नाही.

बोट म्हणजे एक अख्खं गाव. त्यात शिडीच्या वर राहणारे वेगळे, खाली राहणारे वेगळे. तेवढं मात्र नकोशीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बोटीवर दुसरी एक आया भेटली, बानूबाई. पुण्याच्या लष्कर भागातली. सहा वेळा विलायत करून आलेली, त्यामुळे तोंडात सुपारी आणि बोलण्यात ऐट.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "माघारी यायचं कसं ठरलंय तुझं?"

"मडम बघंल."

"मडम बघंल! आगं येडे, मडम धक्क्यावर उतरली, की तिचं अन् तुझं संपलं. तिच्याकडनं चिठ्ठी घ्यायची. बाई चांगली हाय, पोरं सांभाळती, असं लिहून. तिकडं आयांचं एक घर हाय, तिथं बसायचं. इकडं येनारी दुसरी मडम चिठ्ठी वाचती अन् पोरं सांभाळाय घेऊन येती. तिकीट तीच काढती. चिठ्ठी न्हाय, तर बोट न्हाय. एक आया माझ्या डोळ्यांदेखत दोन वर्सं बसलीया तिथं. जिन्यावरच बसती. रस्त्याकडं बघत."

"बरं," नकोशी म्हणाली.

बानूबाईनं कपाळाला हात लावला.

तर अशा बोटीवर मडमेच्या मनात एक गोष्ट आली. साहेबाची नोकरी संपली, आता गावाकडे जाऊन बेतानं राहायचं. त्याआधी एकदा तरी वरच्या लोकांसारखं खायचं. माशाची काळी अंडी, रशियाच्या मुलखातली. ती मागवायची आणि वरच्या मजल्यावरच्या जज्जसाहेबाला आणि त्याच्या बायकोला आपल्या खोलीत बोलवायचं. ही जज्जीणबाई मडमेला जेवणघरात बघून न बघितल्यासारखी करायची. साहेब नको म्हणत होता. पण मडमेनं मागणीची चिठोरी लिहून दिली. सुवेजचा कालवा मागं पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट.

दिवस कलायला आला होता. मडम केस करून घ्यायला गेलेली, साहेब वर मोकळ्यावर. गोव्याकडचा बटलर ताट घेऊन आला.

"आयाबाई, हे मॅडमनी मागवलंय. पाव्हणे येतायत. नीट सांभाळ हां, सोन्याच्या भावाचं आहे."

तो गेला. नकोशीनं झाकण काढलं.

खाली फोडलेला बर्फ. बर्फावर काचेची वाटी. वाटीत गाभोळी. काळीभोर, मोकळी, एकेक दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा. नकोशीनं बोटानं दाबून बघितलं. कच्ची. साफ कच्ची. बाजूला बारीक चिरलेला कांदा. लिंबाच्या फोडी. लोण्याचा गोळा. भाजलेला पाव.

म्हणजे सगळी तयारी करून धाडली होती. फक्त चुलीवर टाकायची राहिली होती.

दुसरी कुणी असती तर विचारात पडली असती. नकोशीला विचारात पडायचं कारणच नव्हतं. पाच महिने बंगल्यावर हेच चाललं होतं. कच्ची येते, आपण शिजवतो. त्यात पाव्हणे येणार. पाव्हण्यापुढं कच्ची गाभोळी ठेवली, तर भोयाच्या घराला सात पिढ्या नावं ठेवतात, की यांच्या घरी चूल पेटत नाही. आणि सोन्याच्या भावाचं म्हटल्यावर तर ती बिघडू देता कामा नये.

बाळाचं दूध तापवायचा स्पिरिटचा स्टोव्ह तिनं पेटवला. दुधाच्या पातेल्यात लोणी घातलं, कांदा टाकला. तो तांबूस झाला, तसं गाठोड्यातलं घरचं तिखट काढलं, दोन चिमट्या घातलं. मग गाभोळी. मग मीठ, हाताच्या अंदाजानं. वरून लिंबू पिळलं. काळे दाणे पांढुरके झाले, तडतडले, आकसून निम्मे झाले. मरळीची अशी आकसत नाही. तिनं बोटावर घेऊन चाखून बघितलं.

खारट. असं खारट, की डोळे मिटले गेले. माल मुळात मिठातला होता, त्यावर तिचं मीठ. ती पाणी प्यायली. तरी जिभेवरून जाईना. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला खारट लागलं. ती पातेल्याकडे बघत राहिली. बाळ पाळण्यात शिंकलं.

तेवढ्यात दार उघडलं. पुढं मडम, मागं जज्जीणबाई, त्यांच्या मागं जज्ज आणि साहेब. एवढीशी खोली, खिडकी बंद, आणि इंदापूरचं तिखट. जज्जाला पहिला ठसका लागला. मग त्याच्या बायकोला. जज्जीणबाई तोंडावर रुमाल धरून काहीतरी गोड बोलली, आणि दोघं आलेल्या पावली परत गेली. जिन्यापर्यंत जज्जाचा खोकला ऐकू येत होता.

मडमेनं पातेल्यात डोकावलं. रिकाम्या वाटीकडं बघितलं. पलंगावर बसली. केसाचा एकेक वळसा जागच्या जागी होता.

साहेबानं चमचा घेऊन एक घास खाल्ला. आता साहेब म्हणेल लई बेस्ट, आणि सगळं निभेल, असं कुणालाही वाटेल. साहेबानं तोंड वाकडं केलं, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "नकोशी, मीठ फार. फार."

मडम हळूच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आया, तुमको चिट्ठी नहीं मिलेगा."

नकोशीच्या ओठावर नेहमीचा शब्द आला. बरं. आला आणि तिथंच अडकला. डोळ्यांपुढं जिना आला, आणि जिन्यावर बसलेली बाई. मग नुसतं बसलेपणच आलं, श्रावणापासून भिंतीला टेकून होती तसलं, आणि त्याला आता शेवट नाही. श्रावणानंतर पहिल्यांदा ती भ्याली.

"न्हाय," ती म्हणाली. "मला घरी जायाचं हाय."

साहेब वळला. त्यानं या बाईच्या तोंडून इतक्या महिन्यांत 'न्हाय' ऐकलं नव्हतं.

"सासू आंधळी हाय. तिला येते म्हनलंय. मला घरी जायाचं हाय, साहेब."

साहेबानं मडमेला इंग्रजीत सांगितलं. मडमेनं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकोशीनं बाळाला दूध पाजलं, मडमेचा चहा ठेवला आणि म्हणाली, "मडम, मला घरी जायाचं हाय." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आवाज चढवायची नाही, रडायची नाही, पाया पडायची नाही. जात्यावर दाणे टाकावेत तसं रोज एकदा.

बानूबाई म्हणाली, "पाया पड की गं."

"त्येला रडं यावं लागतं."

"मग रडायचं नाटक कर."

"येत न्हाय."

धक्क्यावर उतरायच्या दिवशी मडमेनं बाळ तिच्या हातातून घेतलं. बाळ नकोशीचा पदर सोडेना. मडमेनं एकेक बोट सोडवलं. मग पेटीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहिलं, आणि न बघता पुढं केला.

बानूबाईनं तो बटलरकडून वाचून घेतला. त्यात तीन ओळी होत्या. पोराला जीव लावते. खोटं बोलत नाही. हिला स्वयंपाकाच्या भांड्याजवळ येऊ देऊ नये.

बटलर हसता हसता खोकला. बानूबाईही हसली. नकोशीनं कागदाची घडी करून चोळीत ठेवली.

आयांच्या घरात ती पाच आठवडे राहिली. मडमा यायच्या, चिठ्ठी वाचायच्या, तिसऱ्या ओळीला भुवया उचलायच्या आणि जायच्या. नकोशी जिन्यावर बसायची नाही. आत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची, भांड्यांपासून चार हात लांब. शेवटी पुण्याला निघालेली एक थोराड मडम आली, दोन जुळी पोरं घेऊन. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाली, स्वयंपाकाला माझ्याकडं दोन माणसं आहेत आणि त्यांचीच भांडणं मिटत नाहीत. तिसरं नकोच आहे मला.

ज्येष्ठ लागला तेव्हा नकोशी दौंडाहून छोट्या गाडीनं बारामतीला उतरली. सणसरपर्यंत एका बैलगाडीत जागा मिळाली, पुढं पायी. भीमा आटून मधोमध एक धार राहिली होती. सोनबाच्या अंगणात चंद्राबाई सावलीला बसलेली.

"कोन हाय?"

"मी."

म्हातारीनं हात पुढं केला. चेहरा चाचपला, गळा चाचपला, दंड चाचपले.

"वाळलीस. सरुबाई म्हनत हुती, आता कशाला येतीया ती."

"आले."

"रडलीस का तिकडं?"

"न्हाय."

जरा वेळानं नकोशी आपण होऊन बोलली, "पर एकदा भ्याले."

"भ्यालीस?"

"व्हय. लई."

"ब्येस झालं," म्हातारी म्हणाली, आणि घोंगडीवर सरकून तिला जागा करून दिली.

सोनबाच्या बायकोनं भाकरी आणि कालवण आणून ठेवलं. नकोशीनं अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ठेवली. मग तिथंच सासूच्या शेजारी आडवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येईपर्यंत उठली नाही. चंद्राबाईनं कुणाला तिला हाक मारू दिली नाही.