बूड आणि बुडबुडे

माझ्या मामांचं बूड कुठं टेकलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यांचं पंक्चर काढायचं दुकान. त्या धंद्यात माणूस दिवसभर उकिडवा बसतो, म्हणजे तिथंही बूड अधांतरीच. घरी जेवताना पहिला घास बसून, दुसरा उठता उठता आणि तिसरा दारात. झोपेत कूस इतकी बदलतात की मामी म्हणते, गादीतला कापूस ह्यांनीच पिंजलाय. लग्नाच्या एकाही फोटोत मामांचं तोंड धड आलेलं नाही. फोटोवाल्याला तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी शिव्या घातल्या, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सगळे त्यांना भिंगरी म्हणतात, तोंडावरसुद्धा. मामांना त्याचा राग येत नाही. राग यायलाही माणसाला जरा एका जागी थांबावं लागतं.

अशा माणसाला पोहता येत नाही हे ओघानंच आलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मामीनं शिकवायचा प्रयत्न केला होता. पाण्यावर तरंगायचं तर अंग सैल सोडून गप्प पडावं लागतं. मामा कसले गप्प पडतात? हातपाय झाडले, पोटभर पाणी प्याले, खोकत बाहेर आले आणि चप्पल घालून जे चालू लागले ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

मामी मात्र पाण्यातलीच. तिच्या माहेराजवळ दगडाची एक बंद पडलेली खाण होती, पाण्यानं काठोकाठ भरलेली. तिचं लहानपण त्या खाणीत गेलं. सूर मारून झाले, उलटं पोहून झालं, बरोबरीच्या पोरांना बुडवून झालं. पण खाणीचा तळ तिच्या हाताला कधी लागला नाही. खाली जाता जाता छाती फुटायची वेळ यायची आणि वर यावंच लागायचं. हे ती मधूनमधून सांगायची, कपड्यांच्या घड्या घालताना, फार काही नाही अशा आवाजात. मामा हं हं करत बाहेर सटकायचे.

त्यांची लेक मात्र ऐकून ठेवत होती. ती शिकली, कचेरीत लागली, आणि एक दिवस तिनं घरी येऊन सांगितलं की आईला आणि आप्पांना ती गरम मुलखातल्या समुद्रावर नेणार, आणि आईला स्कूबा करायला लावणार. स्कूबा म्हणजे काय ते तिनं मोबाइलवर दाखवलं. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, आणि पाण्याखाली जाऊन निवांत बसायचं. मामीनं एकच विचारलं, श्वास कोंडून धरावा लागतो का? लेक म्हणाली, उलट कोंडायचाच नाही, हाच पहिला नियम. त्या दिवशी मामीच्या घड्या सगळ्या वाकड्या पडल्या.

डॉक्टरांनी मामीचे कान बघितले, छाती बघितली, रक्तदाब मोजला. या वर्षी जा म्हणाले. दाब काठावर आहे, पुढच्या वर्षी मी हो म्हणेन असं समजू नका, असंही म्हणाले. त्यातून समुद्र शांत असण्याचे थोडेच आठवडे उरले होते. नंतर वारा फिरतो, होड्या बंद होतात, रिसॉर्टवाले कुलपं लावून घरी जातात. म्हणजे जायचं तर याच हंगामात, नाहीतर मामीनं तळाचं नाव काढायचं नाही.

लेकीचं चुकलं ते इथं. रिसॉर्ट निवडायचं काम तिनं बापावर सोपवलं. तिचा विचार असा की आपण निवडलं तर आप्पा खुसपटं काढणार. त्यांनाच निवडू द्यावं, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पोरगी हुशार, पण बापाला कमी ओळखते.

मामांनी मोबाइल घेतला आणि घरात, अंगणात, दुकानात, रस्त्यावर येरझाऱ्या घालत रिसॉर्टं बघायला लागले. एक होतं पाण्यात खांब रोवून बांधलेल्या खोल्यांचं, पायाखाली काच आणि काचेखाली मासे. मामा म्हणाले, खाली पाणी लपलप करत असताना माणूस झोपणार कसा, आणि माझ्या फेऱ्यांनी काच तडकली म्हणजे? दुसरं कड्याच्या पोटाशी होतं, तिथून होडी लांब आत न्यायची. तिथं जवळपास दवाखाना नाही म्हणून ते गेलं. तिसरं जुनाट दिसत होतं. लाकडी धक्का, मागं चार खोल्या, आणि समोर इतकं उथळ पाणी की वाळू वरूनच दिसत होती. मामा ते बघून पोट धरून हसले. ह्यात म्हैससुद्धा बुडायची नाही, म्हणाले, तुझी आई काय तिथं पाय धुवायला जाणार?

मग फोन सुरू झाले. मामांच्या दुकानात हवा भरायचा कंप्रेसर आहे, त्यामुळं प्रत्येक रिसॉर्टला पहिला प्रश्न तोच. सिलिंडरमध्ये हवा कोण भरतं, मशीनचं तेल कधी बदलता, टाकीत साचलेलं पाणी कधी सोडता? फोनवरच्या माणसांनी नीट चौकशी करून उत्तरं दिली. एका बाईनं तर मशीनवाल्यालाच फोनवर आणलं आणि त्यानं सगळं इत्थंभूत सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला म्हणाले, फारच तयार उत्तरं देतोय, कुठंतरी पाणी मुरतंय.

पाणी कुठं मुरत होतं ते मला ठाऊक होतं. मामा जन्मभर एकच गोष्ट बघत आले. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती टपातल्या पाण्यात बुडवायची आणि फिरवत राहायचं. बुडबुडा आला की तिथं भोक. पॅच लावायचा, पुन्हा बुडवायची, आणि बुडबुडे थांबले की काम फत्ते. आता मोबाइलवरच्या त्या पाण्याखालच्या माणसाच्या तोंडातून तर बुडबुड्यांचे लोटच्या लोट निघत होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मामा ओरडलेच की ह्याची नळी फुटली आहे. लेकीनं समजावलं, आप्पा, तो सोडलेला श्वास आहे. मामांनी मान डोलावली. मान ऐकते हो, डोळे कुठं ऐकतात? पुढच्या प्रत्येक व्हिडिओला मोबाइल नाकाशी धरायचे आणि पुटपुटायचे, गळतंय, गळतंय.

मला भीती वाटते, हे मात्र मामांच्या तोंडून निघालं नाही. ते म्हणायचे खोली पश्चिमेला आहे, उशा फार मऊ दिसतात, मॅनेजरची मिशी बघून विश्वास बसत नाही. असे दिवस जात राहिले. लेकीनं रजेचा अर्ज एकदा दिला, मागं घेतला, पुन्हा दिला. साहेब तिला विचारायला लागले की घरी नक्की कोणाचं लग्न ठरतंय आणि मोडतंय.

शेवटी एका दुपारी मामी दुकानात आली. ती सहसा येत नाही. मामा एक ट्यूब टपात फिरवत होते. मामी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "नको असेल तर नको म्हणा. खाणीचा तळ सोडला, तसा हाही सोडेन. पण त्या रिसॉर्टांना नावं ठेवू नका. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

एवढं बोलून ती गेली. मामा ट्यूब तशीच पाण्यात सोडून रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. गिऱ्हाईक आपली सायकल धरून त्यांच्या मागं मागं.

लेकीनं तोवर दुसरीकडून सुरुवात केली होती. शहराच्या तलावात, म्हणजे बांधीव पोहण्याच्या तलावात, समुद्रावर जाणाऱ्यांना आधी सिलिंडर लावून बसायला शिकवतात. शिकवणारी बाई अंगानं भक्कम, आवाज असा की पाण्याखालीसुद्धा ऐकू जावा. तिच्याकडं मामीचं नाव घातलं. त्या सकाळी आम्ही सगळे गेलो, मी टॉवेलांची पिशवी घेऊन. बाईंनी मामांना काठावर खुर्ची दिली. मामांनी त्या खुर्चीवर माझ्या हातातली पिशवी ठेवली.

मामीला काळा घट्ट पोशाख चढवला. मामा दुसरीकडं बघायला लागले, आणि मग चोरून बघायला लागले. सिलिंडर पाठीवर आला तेव्हा मामांनी पुढं होऊन त्याचा व्हॉल्व्ह चाचपला, नळीवरून अंगठा फिरवला. बाईंनी फिरवू दिला. मग त्या दोघी उथळ बाजूला उतरल्या आणि खाली बसल्या. पाण्यावर बुडबुडे यायला लागले.

मामा काठावरून मागंपुढं करत होते, पण बाईंचे बुडबुडे सोडून नजर मामीच्याच बुडबुड्यांवर. पहिल्यांदा बुडबुडे भराभर येत होते, घाबऱ्या माणसासारखे. मग सावकाश. मामीला बहुतेक खाली बरं वाटायला लागलं होतं, कारण ते फारच सावकाश झाले. मामांचं चालणंही सावकाश झालं. बुडबुडा आला, गेला, आणि मग त्या जागी पाणी सपाट. काहीच नाही. नुसती निळी फरशी हलतेय.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मामांनी हात पुसून गिऱ्हाइकाला सांगितलं असतं की झालं, घ्या. त्या दिवशी त्यांनी बूट, घड्याळ, खिशातला मोबाइल, सगळ्यासकट पाण्यात उडी घेतली.

पाणी त्यांच्या छातीइतकं. हे त्यांना आत गेल्यावर कळलं. आधी तोंडावर आपटले, मग पाय टेकले, मग उभे राहून खोकत खोकत पुन्हा तोंड पाण्यात घातलं. खाली मामी मांडी घालून बसली होती, घरी ओसरीवर बसावं तशी. तिनं वर बघितलं. आणि तिच्या तोंडून बुडबुड्यांचा एवढा मोठा झोत निघाला की तो थेट मामांच्या नाकावर येऊन फुटला.

बाईंनी मामीला वर आणलं. मामीनं नळी काढली. मला वाटलं आता मामांची धुलाई होते. पण ती त्यांच्या ओल्या शर्टाकडं आणि बुटांतून निघणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली.

"अहो, श्वास घेत होते मी," ती म्हणाली. "घेताना बुडबुडे कुठून येणार?"

मामा दात वाजवत उभे. बाईंनी विचारलं, आता उतरलाच आहात तर तुम्हीही शिकता का? लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, हसत होती की काय ते कळेना. मामांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि मामीला म्हणाले, "जा परत. मी उभा आहे इथं."

ती परत गेली. मामा उभे राहिले. पाण्यात छातीपर्यंत असलेल्या माणसाला भराभर फेऱ्या मारता येत नाहीत, त्यामुळं नाइलाज होता. ओठ निळे पडले, बोटं पाण्याखाली टकटक करत होती. पण आले, थांबले, आले, असं बुडबुड्यांबरोबर त्यांची मान हलायला लागली. मी टॉवेल धरून काठावर उभा, कोणाला द्यायचा ते ठरेना.

घरी येताना मामा माझ्या मागं स्कूटरवर, खाली पाणी गळतंय. अर्ध्या वाटेत म्हणाले, ते म्हैस न बुडणारं रिसॉर्ट काय झालं रे? स्वतःचा मोबाइल पाण्यानं मेलेला, म्हणून माझा घेतला आणि रस्त्याच्या कडेलाच उभं राहून नंबर लावला. मशीनचं, तेलाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुमच्याकडं वर उभं राहिलं तर बुडबुडे दिसतात का?"

पलीकडच्या माणसाला प्रश्न दोनदा सांगावा लागला. मग त्यानं सांगितलं की नवखी माणसं धक्क्याच्या अगदी पुढंच उतरतात, पाणी काचेसारखं असतं, बुडबुडेच काय, माणूसही दिसतो. धक्क्यावर सावलीत आरामखुर्च्याही आहेत. मामा म्हणाले, खुर्चीचं राहू द्या, धक्का किती लांब आहे ते सांगा. बराच लांब आहे म्हटल्यावर त्यांनी तिथंच होकार देऊन टाकला.

ते गेले आणि आलेही. मी भेटायला गेलो तेव्हा मामीच्या नाकाचं कातडं उन्हानं सोललेलं आणि मामांच्या चपलेचा अंगठा तुटलेला. मी मामीला विचारलं, लागला का तळ? ती म्हणाली, लागला की. वाळू आहे. मासे आहेत, ते आपल्याकडं बघून निघून जातात. मांडी घालून बसले, बरं वाटलं.

आणि मामा काय करत होते, असं मी विचारलं. लेक हसायला लागली. तिथले होडीवाले म्हणे आप्पांना धक्क्याचा पहारेकरी म्हणत होते. मामा मधेच म्हणाले, फळ्या सैल आहेत तिथल्या, कोणीतरी बघायला हवं.

मामीनं त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. "मी खालून वर बघायचे," ती मला म्हणाली. "फळ्यांच्या फटींतून ह्यांची सावली इकडून तिकडं, तिकडून इकडं पळताना दिसायची. म्हटलं, वर सगळं ठीक आहे. ती थांबली असती तर मीच वर आले असते."

मामांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. ते तोवर दारात चपलेशी झटापट करत होते.