सत्त्याऐंशीने भागलेली चाळ

लालबागचे रमाकांत तोडणकर तीस वर्षं गणपतीची मखरं करतात. मूर्तीच्या डोक्यावर चार बोटं जागा सोडायची, एवढंच त्यांचं माप. यंदा शीवच्या हितेंद्रने आपल्या खेळण्यातल्या छोट्या रेल्वेशेजारी मांडायला चाळ मागितली, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. रमाकांतांनी स्वतःचीच चाळ टेपने मोजली आणि भागाकार केला. खोली काडेपेटीएवढीही होईना. तीनदा मोजलं. काहीतरी चुकतंय म्हणून चिडले, जेवलेही नाहीत. शेवटी हितेंद्रने दिलेला त्याच मापाचा, बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा माणूस दारात उभा केला. त्याचं डोकं चौकटीला टेकलं. रमाकांतांचा जीव भांड्यात पडला. माप बरोबर होतं. आपल्या दारातून तेही रोज वाकूनच आत येतात.